नळावरचे दोन दिवस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. चर्चच्या पाळकसाहेबांना नाही, मुलीलाही नाही. मी याद्या करून कामं उरकणारा माणूस. हे कुठल्याच यादीत बसलं नाही, म्हणून बहुधा — नाही, ही पळवाट झाली.

मध्य प्रदेश नवा होता तेव्हाची गोष्ट. बडा गणपतीच्या देवळाजवळ आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. मी मिलमध्ये टाइमकीपर. रविवारी चर्चच्या मंडळीतल्या नवविवाहित पुरुषांचा वर्ग घ्यायचो. विषय एकच: नवरा घराचं मस्तक असेल, तर आधी त्यानंच वाकावं, सेवक व्हावं. मुद्दे क्रमानं मांडायचो. माझी बायको सुशीला कधी ऐकायला नसायची — घरी स्वयंपाक असायचा ना?

तिला दुसऱ्यांदा दिवस गेले. पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून बजावलं, "पानी की बाल्टी ये नहीं उठाएँगी. आप भरेंगे." मी हो म्हणालो.

दोन दिवस भरलंही. सकाळी नळावर सगळ्या बायका, आणि शेजारून पाळीला निघालेले मिलचे लोक. दुसऱ्या दिवशी एकानं सायकल थांबवली. "क्यों भिया, भाभीजी ने नौकर रख लिया?" सगळे हसले. मीही हसलो.

तिसऱ्या दिवशी मी कूस बदलून पडून राहिलो. जागा होतो. तिनं बादली उचलल्याचा आवाज ऐकला. चौथ्या दिवशीही ऐकला. आणि रविवारी वर्गात सांगितलं — हल्ली घरचं पाणी मी भरतो.

तीन आठवड्यांनी मूल गेलं.

बादल्यांमुळेच गेलं का? डॉक्टरीणबाई नक्की काही बोलल्या नाहीत. त्या आडोशाला मी किती वर्षं उभा राहिलो! पण सांगायचं आहे ते याच्याही पुढचं.

मंडळीतले लोक भेटायला आले. एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "यांनी तर बाईंना बादलीला हात लावू दिला नाही, तरी बघा." सुशीला खाटेवर होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला खरं सांगणारं एक वाक्य बोलायचं होतं — मी मान खाली घातली आणि म्हणालो, "देवाची इच्छा."

पुढच्या रविवारी वर्ग घेतला. नंतरही अनेक वर्षं घेतला. सुशीलानं कधी काही विचारलं नाही. फक्त जेवणाआधी मी प्रार्थना सुरू केली, की तिचे डोळे उघडे असायचे. हे मला ठाऊक आहे, कारण मीही मिटत नव्हतो.