भूकंपाच्या खालचा गाळ

उन्हाळ्यात आमच्या सास्तूरजवळचं जुनं तळं आटलं, तेव्हा विद्यापीठातली एक मुलगी गाळाचा नमुना घ्यायला आली. तिनं माणसाच्या उंचीचा प्लास्टिकचा पाइप तळ्याच्या मधोमध गाळात ठोकला, मातीसकट वर ओढला आणि माझ्या व्हरांड्यात आणून उभा चिरला. आत काळ्या आणि करड्या मातीचे पट्टे होते.

“काका, तळं भरलेलं असताना साचतो तो गाळ काळा, आटत आलं की फिकट,” ती म्हणाली. “यावरून इथलं जुनं पाऊसमान कळतं.”

मला त्या पाऊसमानाचं काही पडलं नव्हतं. आमच्याकडं लग्न, जन्म, विहीर, सगळं एक तर त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आधीचं, नाहीतर नंतरचं. पाइपच्या मधोमध एक पट्टा विस्कटलेला दिसला. मी मोठ्या खात्रीनं त्यावर बोट ठेवलं.

“ह्योच न्हवं का आमचा भूकंप?”

तिनं हसून वरच्या टोकापासून वीतभर अंतरावर बोट ठेवलं. “दिसलाच तर तो इथं कुठंतरी. खालचं सगळं त्याच्या आधीचं.”

आधीचं म्हटलं की मला आमचं दगडी घर, आई आणि दारातला कडुनिंब एवढंच आठवायचं. त्याच्याही आधी हे तळं कितीदा भरलं, कितीदा आटलं, हे मी जन्मात कुणाला विचारलं नव्हतं.

मी चष्मा पुसला आणि पाइपच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो.

“हितनं सांग पोरी. पार बुडापासनं.”