मथुराक्कांचे उटणे

जुन्या हुबळीत मथुराक्कांचे घर शोधायला पत्ता लागत नाही. दसरा झाला की त्यांच्या बोळात शिरताच नागरमोथ्याचा, वाळ्याचा, कचोऱ्याचा वास येतो आणि त्या वासामागे गेलेला माणूस त्यांच्याच पायरीशी पोहोचतो. मुलाचे, पद्मनाभचे, दुर्गदबैलाच्या बाजारात दुकान आहे. पूजेचे सामान आणि काष्ठौषधी ठेवणाऱ्या असल्या दुकानाला इकडे ग्रंथिगे अंगडी म्हणतात. मथुराक्कांच्या सासऱ्यांनी मिरजेहून येऊन ते घातले, यजमान दत्तात्रय यांनी वाढवले. उटणे मात्र त्या दुकानात कधी विकायला ठेवले गेले नाही. ते घरी कुटले जाते आणि घरूनच जाते, ओळखीच्या बायकांकडे, दिवाळीला आणि लग्नसराईत.

बाई आली की मथुराक्का तिला आधी पाटावर बसवतात. वाटीत चिमूटभर उटणे दुधात कालवतात, स्वतःच्या मनगटावर चोळतात, ओल्या फडक्याने पुसतात आणि हात पुढे करतात. मगच पुडी बांधायची. ही रीत सासूबाईंची. आपल्या अंगाला लावल्याशिवाय दुसऱ्याच्या अंगाला द्यायचे नाही, असे त्या सांगून गेल्या होत्या. मथुराक्कांची साठी कधीच उलटली, तरी हात मऊ आणि नितळ होते. जाहिरात म्हणाल तर तेवढीच.

रंगाने त्या सावळ्या. एखादी नवी बाई विचारायची, "अक्का, ह्यानं गोरं होतं काय हो?"

"मी झाले काय?" मथुराक्का हात उलटासुलटा करून दाखवायच्या. "मळ जातो, खरखर जाते. रंग आईबापांनी दिलेला, तो मी कुठं काढून ठेवू?"

बायका हसायच्या आणि एकाऐवजी दोन पुड्या न्यायच्या.

दोन वर्षांपूर्वी गौरी-गणपतीनंतर त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. मग मनगट लाल झाले. पहिला संशय सुनेने आणलेल्या भांडी घासायच्या पातळ साबणावर गेला. सून हेमावती धारवाडची, बँकेत नोकरीला. ती सासूला कानडी वळणाने अत्ती म्हणते.

"अत्ती, भांडी कामवाली रूपा घासते. तुम्ही बाटलीला हात तरी लावलाय काय?"

"वाफ लागते की."

हेमावतीने बाटली माळ्यावर टाकली आणि साधी वडी आणली. खाज राहिली. मग नळाच्या पाण्यावर आळ आला. आठवड्याने येते, साठवून ठेवावे लागते, कसले कसले पाणी. ते उकळून झाले. तरीही राहिली.

मग मथुराक्कांनी आपल्या पद्धतीने औषध सुरू केले. चंदन उगाळून लावले, कडुनिंबाच्या पाल्याने शेकले, आणि कशाने गुण येईना तेव्हा उटण्याचाच जाड लेप दिला. आयुष्यभर ज्याने कातडी राखली ते आता कसे फसवील, असा त्यांचा हिशेब. सकाळी फोड आले होते, आणि त्यांतून पाणी येत होते.

त्यानंतर त्या भर उन्हाळ्यासारख्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्यांचे झंपर घालू लागल्या.

दिवाळीच्या तोंडावर संगीता आली. तिच्या लग्नातले उटणे ह्याच घरचे होते. आता मुलीचे, दीपश्रीचे, लग्न ठरले होते.

"तुळशीचं लग्न झालं की आमचं, अक्का. हळदीला तुमचंच पाहिजे. वरपक्षाकडं पण द्यायचंय, जास्त करा." असे म्हणून संगीता पाटावर बसली आणि सवयीने हाताची वाट बघू लागली.

मथुराक्कांनी पदर सारखा केला. "आज दूध नासलंय गं. पुढच्या खेपेला दाखवीन."

संगीता बरे म्हणून गेली. हेमावती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दूध तिने नुकतेच तापवून उतरवले होते.

"दूध चांगलं आहे, अत्ती," ती म्हणाली. "हात बघू."

मथुराक्कांनी बाही वर केली. हेमावतीने बँकेत फोन करून रजा सांगितली.

विद्यानगरच्या कातडीच्या डॉक्टरीणबाई कानडीत बोलत होत्या. काय काम करता, हे त्यांनी विचारले आणि उटण्यातला एकेक जिन्नस वेगवेगळ्या पुडीत आणायला सांगितला. नेमके कशाने होते ते कळावे म्हणून त्या पुड्यांतले चिमूट चिमूट मथुराक्कांच्या पाठीवर पट्ट्यांखाली चिकटवले. दोन दिवस पाठ भिजवायची नाही.

आंघोळीशिवाय चुलीजवळ न जाणाऱ्या मथुराक्का ते दोन दिवस माजघरातल्या खाटेवर बसून राहिल्या. तिथून त्या आमटीत गूळ किती घालायचा ते सांगत होत्या आणि हेमावती आपल्या मनाने घालत होती.

पट्ट्या काढल्या तेव्हा एकाच जागी लाल चट्टा उठला होता. तो कोष्ठाचा. ह्या मुळीचा वास उग्र पण गोड. उटण्याला मथुराक्कांचे म्हणून जो वास होता तो तिच्यामुळे. सासूबाईंनी ती घालायला सुरुवात केली होती, बाकी कोणी घालत नसे.

"इतकी वर्षं काही झालं नाही," मथुराक्का म्हणाल्या.

"कधी कधी इतक्या वर्षांनीच होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोज कुटताना, चाळताना हाताला लागतंय. अंग एक दिवस नको म्हणतं, आणि एकदा म्हणालं की म्हणालं. सगळ्यांचं म्हणेल असं नाही. कुणाचं म्हणेल ते आधी कळत नाही." त्यांनी मलम दिले आणि कुटणे-चाळणे बंद करायला सांगितले.

घरी आल्यावर पद्मनाभने सगळे ऐकून घेतले. तो वाईट माणूस नाही, दुकानदार आहे.

"अव्वा, तुझ्या हाताला होतंय, तर तू लावू नकोस. हेमा करील. कोष्ठ काढलंस तर वास जाईल, आणि आपलं उटणं वासावर चालतंय. आजवर कुणाची तक्रार आली काय?"

"नाही आली."

"मग?"

मथुराक्का मलम लावलेले हात मांडीवर उताणे ठेवून बसल्या होत्या. "जिला झालं असेल ती सांगायला कशाला येईल? ती पुढच्या वर्षी दुसरीकडून घेईल. मी ज्या आल्या त्यांच्याकडंच बघत बसले."

पद्मनाभ दुकानाकडे गेला. दुपारी मथुराक्कांनी हेमावतीला बोलावले आणि डब्यातले तयार उटणे परसातल्या खड्ड्यात ओतायला लावले. तो वास दोन दिवस परसात होता. मग कोष्ठ वगळून बाकीचे जिन्नस नव्याने कुटायचे ठरले. नाकातोंडाला फडके बांधून हेमावती कुटत होती आणि मथुराक्का लांब ओट्यावर बसून सांगत होत्या. "चाळणी झटकू नकोस. हळू. तुला बँकेत पैसे मोजायची घाई असते, इथं नाही."

"बँकेत पैसे मशीन मोजतं, अत्ती."

तुळशीचे लग्न जवळ आले तशी संगीता मुलीला घेऊन आली. मथुराक्कांनी ह्या वेळी बाही आपणहून वर केली. फोड गेले होते, पण कातडी काळवंडून खरबरीत झाली होती.

"काय हो हे, अक्का?"

"उटण्यानं झालं. त्यात कोष्ठ होतं, ते काढलंय. तरी पुडी आज द्यायची नाही मी. आज दीपश्रीच्या कोपराच्या आत लावायचं. परवा बघू, मग न्या."

संगीताने वाटीतले उटणे नाकाजवळ नेले. "हा तो वास नाही."

"नाही."

"अक्का, लग्न तोंडावर आलंय. पाहुण्यांना सांगून ठेवलंय मी. आता हिची परीक्षा कसली घेताय?"

"हळदीच्या दिवशी चेहरा सुजला तर पाहुण्यांना काय सांगशील?"

"इतकं सगळं असलं तर घरीच बेसन लावते की नुसतं."

"लाव. तेही आधी कोपरालाच लाव."

दीपश्रीला हसू आले. संगीताला आले नाही. ती उठून पायरीवर गेली आणि चपला घालून उभी राहिली. मुलगी मात्र पाटावरून हलली नाही. तिने कुर्त्याची बाही वर केली आणि हात पुढे केला. मथुराक्कांनी हेमावतीला खूण केली, कारण त्यांना स्वतःला आता हात लावायचा नव्हता.

त्या दिवाळीलाही पुड्या कमीच गेल्या होत्या. काही बायकांना वास पटला नाही, काहींना पुन्हा यायला वेळ नव्हता. मथुराक्कांनी कोणाची समजूत घातली नाही. जी येई तिला हात दाखवत आणि कोपर मागत.

ठरल्या दिवशी दीपश्री ऑफिसातून परस्पर स्कूटरवर आली. संगीता आली नव्हती. मथुराक्कांनी तिला खिडकीशी नेले, कोपर उजेडात धरायला सांगितले आणि चष्मा लावून वाकून बघितले. खाज आली काय, आग झाली काय, रात्री हात खाजवलास काय, असे विचारून घेतले. मुलीने सगळ्याला नाही म्हटले. कातडी स्वच्छ होती.

"हेमा," मथुराक्कांनी आत हाक मारली, "हिचं बांध. वरपक्षाचं बांधू नकोस. त्या नवऱ्या मुलाला आधी कोपर दाखवायला इथं पाठवून दे म्हणावं."