गयाआत्याच्या डोक्यावरची पाटी

भुताखेतांचं नाव काढलं की आमचे वडील पायताण दाखवायचे. आम्ही बौद्ध, अंगारे-धुपारे घरातून कधीच हद्दपार झालेले. त्यात मी जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण डोळ्यांनी पाहिलेलं नाकारू कसं?

परंडा तालुक्यातलं आमचं गाव. बहात्तरच्या दुष्काळात गावाबाहेर पाझर तलाव बांधला, त्या कामावर माझी गयाआत्या डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहायची. बाई काटक, तोंडानं फटकळ आणि मनानं सोनं! पुढं तलाव भरला, तशी दर रविवारी तिथं जत्राच. गावातल्या विहिरीवर आम्हाला मज्जाव होता. या पाण्यात मात्र सगळ्या आळ्यांची पोरं एकत्र डुंबायची. पोरींच्या पाठीला सुके भोपळे बांधून आत्या त्यांना पोहायला शिकवायची.

मी दहावीत होतो. रविवार, सकाळचे अकरा. आमची पोहण्याची शर्यत लागणार होती. माझी धाकटी बहीण सुशी तलावाच्या मातीच्या भिंतीलगत भोपळे बांधून हातपाय मारत होती. आत्या भिंतीवर शेंगा सोलत बसलेली.

अचानक तिचे दोन्ही हात डोक्यावर गेले... भरली पाटी सावरावी तसे. मान दबली. ती उठून भिंतीवरून जड पावलं टाकत निघाली, सुशी होती तिथं येऊन थांबली आणि ओरडली, "भाईर निघा! समदे निघा!"

"आत्या, शर्यत हाय आमची," मी हसलो.

तिनं पाण्यात उतरून सुशीला बखोटीला धरून ओढलं आणि मला एक ठेवून दिली — आयुष्यातली पहिलीच! सगळे मुकाट्यानं निघाले.

आम्ही माळावर पोचतो न पोचतो, तोच भिंतीचा आतला उतार दगडांसकट पाण्यात घसरला. सुशी होती, बरोब्बर तिथंच.

गाव धावलं. पोत्यांत माती भरून संध्याकाळपर्यंत भिंत वाचवली. सगळ्यांच्या पुढं आत्या. पोती भरता भरता मी विचारलं, "आत्या, तुला कळलं कसं?"

"डोस्क्यावर पाटी आली रं, वल्ल्या मातीची. चालत गेले, तर तिथं लई जड झाली."

"म्हंजी देवानं..."

"देव-बीव न्हाय! गप पोतं भर."

तिची मान आठवडाभर सुजलेली होती. भिंत का घसरली, ते पुढं एका इंजिनिअर मित्रानं समजावलं. तेवढं पटलं.

सुशी आता आजी झालीय. अजून विचारते, "दादा, सांग की, आत्याला कसं कळलं?" मला सांगता येत नाही. पण विचारायला ती समोर बसलेली असते... मला तेवढं पुरतं.