मायची सुई

मायला कंपवात झाला तेव्हा आधी तिची सुई सुटली. वाटूरला आमच्या गल्लीत गोधडी शिवावी तर तिनेच. पण उजवा हात असा थरथरू लागला की भाकरही थापता येईना. जालन्याला डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्या, पुढे मात्रा वाढवली, आणि एके दिवशी मायने परत सुईत दोरा ओवला. आम्हाला केवढा आनंद झाला.

मग शिवण थांबेचना. सकाळी बसली की जेवायला उठायची नाही. जुन्या साड्या संपल्या तशी धड कपडे कापायला लागली. माझी पँट, माझ्या लेकीचा शाळेचा गणवेश, शेवटी बायकोचा लग्नातला शालू. बायको रडली. मी चिडून कात्री माळ्यावर टाकली, तर माय दातांनी कापड फाडू लागली. झालेली गोधडी उसवायची, पुन्हा शिवायची. बोटं सुजली होती. का करतेस म्हणून विचारलं तर खाली मान घालून म्हणाली, "मला बी कळून राह्यलंय रं. पर हात मागं येत न्हाई."

गल्लीत कुणी म्हातारचळ म्हणालं, कुणी बाहेरचं काही असेल म्हणालं. मला तर ती मुद्दाम करते असंच वाटायचं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नव्याने कसला नाद लागलाय का. हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मेंदूत डोपामाइन कमी पडतं म्हणून हात कापतो, आणि ही गोळी त्याची उणीव भरून काढते. पण मेंदूत जिथे ओढ उपजते तिथे तिचा जोर जास्त होतो, आणि काहींचा आवर सुटतो. कुणी जुगार खेळतं, कुणी खातच सुटतं.

"तुमच्या आईंचा स्वभाव बिघडलेला नाही," त्या म्हणाल्या. "रागावू नका."

गोळी एकदम बंद करायची नव्हती, हळूहळू उतरवली. त्या दिवसांत माय कुढायची, चिडायची. आम्ही दोघं आळीपाळीने जवळ बसायचो आणि थकून जायचो. ओढ ओसरली. कंप परत आला.

आता तिला मीच भरवतो. परवा शेजारीण जुनी लुगडी घेऊन आली. माय गठ्ठ्याकडे नुसती बघत राहिली.

"दुसरीकडं दे बाई," ती म्हणाली. "मला आता शिवावंसंच वाटत न्हाई."

शेजारीण गेल्यावर बायकोने हळूच विचारलं, गोळी थोडी वाढवून मागायची का.