पहिली टोपली

रविवार उजाडला तरी वारा मेल्यासारखा पडला होता. भट्टीतल्या तापल्या धोंड्यांचा धूर वर जाईना, म्हाताऱ्या मालिएच्याच डोळ्यांत घुसत होता. म्हातारी शिव्या घालत नारळ खोवत होती. नारळाचं दूध भरलेल्या अळूच्या पुड्या भट्टीत शिजून तयार होत्या.

सवाईई बेटावरच्या त्या गावात भट्टीतली पहिली टोपली चर्चच्या पाळकाची. ती पोचेपर्यंत घरात कुणी बोट चाटायचं नाही. पण पाळक कोणता? गावानं पोसायचं, त्यानं गावासाठी प्रार्थना करायची, म्हणून तीस वर्षं गाव ज्याला 'आमचा करार' म्हणत होतं, त्या सायलोला लकवा झाला, वाचा गेली. दोन महिन्यांत पंचांनी त्याला खोबऱ्याच्या जुन्या कोठारात नेऊन टाकलं. त्याच्या घरात आता गिटारवाला नवा पाळक. सगळ्या टोपल्या तिकडं. मालिएची तेवढी कोठाराकडं.

तिचा भाचा फिलेमोना आला. चर्चचा पंच, इस्त्रीचा पांढरा सदरा, त्यात कणा मात्र नाही.

"आत्या, आज राजधानीतून, आपियाहून, चर्चची मोठी मंडळी येतायत. तुझ्या पुड्या नव्या पाळकाकडं ने."

"करार कुणाशी केला होता रे आपण?"

"अगं, त्याला बोलता येत नाही आता!"

"मग करार काय त्याच्या जिभेशी केला होता? वादळात छप्पर उडालं तेव्हा तुझी पोरं छातीखाली घेऊन कोण पडलं होतं?"

"पंचांचं ठरलंय," फिलेमोना जमिनीकडं बघत म्हणाला. "टोपली कोठाराकडं गेली, तर चर्चला घालायची पांढरी टोपी काढून ठेवायची. पहिल्या बाकावर बसायचं नाही, गायचं नाही. प्रभुभोजनही नाही."

मालिएचा हात थांबला. चाळीस वर्षं त्या बाकावरून खालचा सूर तिनं धरला होता. तिच्याकडं तेवढंच वैभव.

ती उठली. खुंटीवरची टोपी काढून तिनं त्याच्या डोक्यावर दाबली.

"घाल. आत काही नाही, निदान वरून तरी झाकलेलं बरं. प्रभूला पकडलं तेव्हा 'ओळखत नाही' म्हणणारा बायबलातला तो शिष्य कोंबडा आरवल्यावर रडला तरी. तुम्ही कोंबडाच भाजून खाल, मेल्यांनो!"

टोपली घेऊन ती नव्या पाळकाच्या घरासमोरूनच गेली, मुद्दाम सावकाश. ओट्यावरची पंचमंडळी एकदम आपापल्या चपला न्याहाळू लागली.

कोठारात सायलोनं डावा हात उचलला. जेवणाआधीची प्रार्थना, शब्द एक नाही, नुसती घरघर. पुडी निवत चालली, तरी मालिए डोळे मिटून ती संपेपर्यंत थांबली. मग भरवायला बसली. निम्मं हनुवटीवरून ओघळलं, ते पदरानं पुसावं तसं तिनं लुंगीच्या टोकानं पुसलं.

तेवढ्यात चर्चमधून गाणं सुरू झालं. खालचा सूर नव्हताच. गिटार उगाच खडखडत होती. म्हाताऱ्याची बोटं गुडघ्यावर ताल धरू लागली, नजर तिच्यावर. तिनं घसा खाकरला आणि आपला सूर तिथंच, खोबऱ्याच्या वासात लावला. शेवटच्या कडव्यापर्यंत.

मग रिकामी टोपली घेऊन घरी आली. तीन नारळ खोवायचे राहिले होते. ती खोवायला बसली.