अकरा जणांचं माहेर

लग्न होऊन राही मंचेरियलला आली तेव्हा सासरच्या घरात खटकावं असं काही नव्हतं. नवरा पांडुरंगराव मनमिळाऊ होता, स्टेशनजवळ त्याचं भाजीचं दुकान होतं, दारातच नळ होता. खटकलं ते भलतंच. १९८७ च्या डिसेंबरात ती नवऱ्याबरोबर बाजारातून परतत होती. रस्त्यालगतच्या मैदानावर कॉलेजची फुटबॉलची मॅच रंगली होती. सपाट मैदान, गोलला खरी जाळी, पोरांच्या पायांत बूट. आणि बघायला माणसं किती? तिनं थांबून मोजली. चौदा. त्यात दोघं शेळ्या चारणारे.

"अवो, लोक कुठं गेले सारे?"

"कोणते लोक?"

"मॅच आहे नं!"

पांडुरंगराव हसला. "कॉलेजची मॅच आहे. कॉलेजवाले पाहातील."

असं वाक्य तिच्या माहेरी कोणी उच्चारलं असतं, तर त्याला महिनाभर कोणत्याच दारात चहा मिळाला नसता.

तिचं माहेर सिरसखेड. पैनगंगेच्या अलीकडचं, आंध्राच्या हद्दीतलं, कापूस-ज्वारीचं गाव. नदीपलीकडचे सोयरे म्हणत, "तुमी तं आंध्रवाले." अलीकडच्या कचेरीत गेलं की तिथला कारकून कागद पुढं सरकवत विचारी, "मराठी का?" आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटे. गावाचं नाव बसच्या पाटीवरसुद्धा नव्हतं. बस पुढच्या गावाच्या नावानं यायची. अशा गावात १९८१ साली शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत ज्युनिअर कॉलेज उघडलं आणि दुसऱ्या वर्षी हैदराबादहून खलील सर आले. हे पीडी सर, म्हणजे खेळ शिकवणारे. बदली झाली म्हणून नाराजीनंच आलेले. सोबत एक वळकटी, एक सायकलचा पंप आणि कातडी फुटबॉल.

मैदान म्हणजे कापसाच्या बाजाराची मोकळी जागा. हंगामात तिथं गाड्या लागत, म्हणून खेळ संक्रांतीनंतर. पहिल्या दिवशी सरांनी पोरांना उभं केलं तेव्हा राहीचे वडील केशवराव किराण्याचं दुकान अर्धं उघडं टाकून बघायला गेले. परत आले ते घामेजलेले, जणू स्वतःच धावले होते.

"काय पाह्यलं एवढं?" राहीच्या आईनं, तुळजाबाईनं विचारलं.

"अवं, हात लावाचा नाही चेंडूले! अन् तरी तो चंपतरावचा दत्ता पायानं असा घेऊन जाते, जसं वासरूच हाकते!"

महिनाभरात सगळं गाव त्यात ओढलं गेलं. कोणाकडून पोरांना दूध, कोणाकडून भुईमुगाच्या शेंगा. गोलचे खांब सुताराने बाभळीचे करून दिले. तुळजाबाईकडे गावातलं एकुलतं शिवणयंत्र, म्हणून पोशाख तिच्याकडे आले. पांढऱ्या बनियनी आणल्या, पळसाच्या फुलांच्या पाण्यात बुडवल्या. रंग प्रत्येकीला वेगळा चढला. कुठली केशरी, कुठली हळदी. राही तेव्हा नववीत होती. काळ्या कापडाचे आकडे कापायचं काम तिचं. तिनं ते सुबक मराठी आकडे कापले, १ पासून ११ पर्यंत, आणि आईनं पाठींवर शिवले.

आदिलाबादच्या स्पर्धेत रेफ्रीनं संघाला रांगेत उभं करून पाठी बघितल्या आणि डोकं धरलं. त्याला तेलुगू, इंग्रजी, उर्दू येत होतं. मराठी आकडा एकही वाचता येईना. खेळ थांबला. खलील सर विनवण्या करत राहिले. शेवटी तुळजाबाई मैदानात गेली, कंबरेच्या पिशवीतून खडू काढला आणि एकेकाच्या पाठीवर इंग्रजी आकडा लिहून आली. लोक हसले. पण मग कर्ण्यातून आवाज आला, "सिरसखेड कॉलेज!" आणि राहीच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या गयाबाईनं डोळ्यांना पदर लावला.

"काऊन रडता, आजी?"

"आपल्या गावाचं नाव घेतलं नं माय त्यायनं. एवढ्या मोठ्यानं कोणीच घेतलं नोतं."

त्या दिवशी सिरसखेड तीन गोलांनी हरलं. तरी परतताना ट्रकमध्ये लोक असे गात होते की वाटेतल्या खेड्यांना वरातच वाटली.

हे सगळं मनात घेऊन आलेल्या राहीला मंचेरियलचं मैदान पोरकं वाटलं. बरेच दिवस तिनं नवऱ्याचा पिच्छा पुरवला. एकदा दुकानात वांगी निवडता निवडता त्यानं नीट सांगितलं.

"हे पाय, इथं कोण कोणाचं? कोणी करीमनगरचा, कोणी वरंगलचा, आपण पैनगंगेकडचे. कोळशाच्या खाणीनं सारे आणले. ज्याचं त्याचं गाव मागं राह्यलं. कॉलेज हारलं काय अन् जितलं काय, कोणाच्या घरचं हारलं?"

राहीला पटलं नाही. पुढच्या वर्षी खाणकामगारांची मॅच तिनं पाहिली, एका खाणीचा संघ दुसऱ्या खाणीविरुद्ध, आणि थक्क झाली. बायका, पोरं, पाळी सुटून काळ्या तोंडानं आलेले गडी, सगळे गळा फाडून ओरडत होते. म्हणजे इथल्या लोकांनाही ओरडता येत होतं. एकत्र खाली उतरणारी माणसं एकमेकांसाठी ओरडत होती. कॉलेजची ती अकरा पोरं मात्र कोणाबरोबर कुठं उतरलेली नव्हती.

१९९१ च्या जानेवारीत केशवरावांचं कार्ड आलं. आंतरकॉलेज स्पर्धा मंचेरियलला आहे, आपला संघ येतो आहे, आम्हीही येतो. तुझी माय तिळाचे लाडू करून राह्यली.

मॅच दुपारी होती. पहाटे निघालेले दोन ट्रक इचोड्याला चहा घेऊन बारा वाजता मैदानाशी लागले आणि त्यांतून अर्धं सिरसखेड उतरलं. कापूस वाहून वाहून ट्रकच्या फळ्यांना पांढरे तंतू चिकटलेले, तेच सगळ्यांच्या केसांत. राही दीड वर्षाच्या रुख्मिणीला कडेवर घेऊन धावतच गेली. आईनं नातीला घेतलं, वडिलांनी राहीला विचारलं, "जावईबुवा नाही आले?"

"दुकान आहे नं बाबा."

पण पांडुरंगराव आला. उशिरा, कुंपणापाशी, अंग चोरून उभा राहिला. समोर मंचेरियलचं कॉलेज होतं. म्हणजे एका अर्थानं त्याचं. आणि त्याची बायको, जी घरात मोठ्यानं हाक मारत नसे, दोन्ही हात उंचावून ओरडत होती, "दाब रे त्याले! दाब! आतमंदी सोडू नको!"

पहिल्या अर्ध्यात सिरसखेडनं गोल केला. गाव नाचलं. दुसऱ्या अर्ध्यात मंचेरियलनं फेडला आणि शेवटच्या पाच मिनिटांत कॉर्नरवरून आलेल्या चेंडूला त्यांच्या एका किडकिडीत पोरानं डोकं लावलं. दोन-एक. शिट्टी वाजली.

सिरसखेडची पोरं मातीत बसली. त्यांच्याभोवती लगेच माणसं जमली. कोणी पाणी दिलं, कोणी पाय चोळले, गयाबाईनं तर गोलकीपरचं डोकंच मांडीवर घेतलं. आणि पलीकडं जिंकलेली अकरा पोरं एकमेकांशी हात मिळवून, बुटांच्या नाड्या सोडत, निमूट उभी होती. त्यांचे सर टेबलावर सही करायला गेलेले. टाळी वाजवायला कोणी नव्हतं.

तुळजाबाईनं ते पाहिलं. लाडवांचा डबा तिच्या मांडीवर होता.

"राही, त्यायची माणसं कुठं आहेत?"

"नाही येत माय कोणी."

"पोरायनं जितलं अन् पाठीवर हात ठेवाले कोणी नाही?" ती उठली. "चाल माह्यासंग. मले तेलुगू येत नाही."

माय-लेकी मैदान ओलांडून गेल्या. आईनं एकेकाच्या हातावर लाडू ठेवला. डोक्यानं गोल मारणाऱ्या त्या किडकिडीत पोराच्या पाठीवर तिनं थाप मारली तेव्हा तो गोंधळला. त्यानं राहीला तेलुगूत विचारलं, "अक्का, एवढी माणसं कॉलेजनं आणली का?"

राही तोवर तेलुगू बोलायला शिकली होती. "कोणी नाही आणली. आपणहून आली."

"हरायला?"

"पाहायला."

पोरानं लाडू तोंडात न घालता नुसता धरून ठेवला. त्याचे वडील खाणीत होते, दुपारच्या पाळीला. त्यांनी त्याचा एकही सामना पाहिला नव्हता.

त्या रात्री जेवताना पांडुरंगराव म्हणाला, "तू कोणाकडून ओरडत होती, माहीत आहे नं?"

"माहीत आहे."

"अन् आता पुढच्या मॅचले?"

राहीनं पोळी वाढली. "पुढच्या मॅचले त्या पोट्ट्यायकडून. तुमीबी या."

पुढच्या मॅचला ती शेजारच्या चंपाबाईला घेऊन गेली. त्यापुढच्या वेळी भाजीबाजारातल्या पाच-सहा जणी आल्या. बाजारातले पुरुष थट्टा करत, मग बघायला म्हणून येत आणि बघता बघता रेफ्रीला शिव्या देऊ लागत. राहीनं हट्टानं त्या पोरांची नावं पाठ केली आणि नावानंच हाका मारल्या. शहर काही लोटलं नाही. १९९४ च्या सुमाराला साठ-सत्तर माणसं जमत, त्यांत बरेचसे बाजारातलेच. पण ती सत्तर माणसं आपली होती, आणि आता पोरं जिंकल्यावर कुंपणाकडे धावत यायची.

सिरसखेडचं मात्र उलटं झालं. खलील सरांची बदली झाली, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. बाजाराच्या जागेला भिंत घातली गेली. घरोघरी टीव्ही आले आणि पोरं क्रिकेटकडे वळली. दत्ता आदिलाबादला कंडक्टर झाला. वडिलांच्या पत्रांतून फुटबॉलचा मजकूर आधी चार ओळींवर आला, मग उरलाच नाही.

१९९७ च्या संक्रांतीला राही माहेरी गेली. गयाबाई तोवर राहिली नव्हती. संध्याकाळी वडील तिला बाजाराकडे घेऊन गेले. भिंतीच्या आत गाड्या उभ्या होत्या, वजनकाट्यापाशी रांग होती. खांब कुठं होते ते त्यांनी काठीनं दाखवलं.

"वाईट वाटते नं बाबा?"

"वाटते." ते भिंतीला टेकले. "पण बाई, बारा-तेरा वर्सं आपल्याले कोणी इचारलं, कोठचे, तं आमी ताठ मानेनं नाव सांगतलं. आता बसवरबी पाटी लागली सिरसखेडची." मग एकदम सरसावून त्यांनी विचारलं, "तुमच्या तिथं काय झालं यंदा? कोणासंग होती मॅच?"

"निर्मलसंग. दोन-दोन, बरोबरीत सुटली."

"असं नाही. पहिल्यापासून सांग. लेफ्ट आउटले कोण खेळत होता?"

राहीनं पदर खोचला, बैलगाडीच्या दांडीवर बसली आणि पहिल्या शिट्टीपासून सांगू लागली.