मेडिक्लेममध्ये लागलेलं लग्न

माझ्या सासऱ्यांचं लग्न मी माझ्या आईशी लावून दिलं, तेव्हा दोघांचेही जोडीदार हयात होते आणि तब्येतीने ठणठणीत होते. खरं तर सगळा घोटाळा त्या ठणठणीत तब्येतींमुळेच झाला.

मी चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगवर काम करते. आमच्याकडे दरवर्षी आठ दिवस मेडिक्लेमची खिडकी उघडते. त्या आठ दिवसांत घरच्यांची नावं कॉम्प्युटरवर घालायची, काढायची, काय गोंधळ घालायचा तो घालायचा. आठव्या दिवशी संध्याकाळी सहाला खिडकी बंद. मग वर्षभर कुणी आजारी पडलं तर त्याने आपापल्या जबाबदारीवर पडायचं. नवरा, मुलं आणि वर दोन वडीलधारी माणसं, एवढी सोय. नवऱ्याचं भोसरीला छोटं वर्कशॉप आहे, तिथे मालकही तोच आणि कामगारही तोच, त्यामुळे त्याला मेडिक्लेम देणारं कुणी नाही. म्हणून लग्नापासून त्या दोन जागांवर माझे सासू-सासरे. माझ्या आईबाबांची नावं घालावीत असं कधी कुणाच्या मनात आलं नाही. माझ्यासुद्धा.

या वर्षी आईचे गुडघे गेले. कासारवाडीत दुसरा मजला, लिफ्ट नाही. चार महिने ती खाली उतरली नव्हती. भाजीसाठी गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून सोडायची आणि वरूनच कोथिंबिरीवरून भांडायची. डॉक्टर म्हणाले, दोन्ही वाट्या बदला आणि याच वर्षी बदला, नाहीतर अंथरूण धराल. मी त्या दिवशी जिन्यात बसून रडले.

मग खिडकी उघडली आणि मी डोकं चालवलं. (इथेच मला कुणीतरी धरून ठेवायला हवं होतं.) जागा दोन. तात्यांना, म्हणजे सासऱ्यांना, शुगर आहे, एकदा अँजिओग्राफीही झालीय. त्यांना काढून चालणार नाही. सासूबाईंना आमच्या चऱ्होलीत आत्या म्हणायची पद्धत आहे. त्या आत्या अजून भरलेला सिलिंडर एकट्या उचलतात. माझे बाबा रोज पिंपरीपर्यंत चालत जाऊन चालत येतात. मग या दोन धडधाकट माणसांनी जागा कशाला अडवायच्या? एक आजारी इकडचा घ्यावा, एक आजारी तिकडची घ्यावी. तात्या आणि आई. सातव्या दिवशी, कंपनीतल्या कॉम्प्युटरवर, दहा मिनिटांत काम उरकलं. घरी बोलले नाही. आत्यांना काय सांगणार, तुमची तब्येत चांगली आहे म्हणून तुम्हाला काढलं?

फोटो लागत होते. माझ्या मोबाईलमध्ये दोघांचा बरा म्हणावा असा एकच फोटो निघाला, माझ्याच लग्नातला, स्टेजवरचा. तात्या फेट्यात, आई पैठणीत आणि नथीत, मागे झेंडूच्या माळा. मी तो मधोमध कापला, डावी बाजू तात्यांच्या नावापुढे लावली, उजवी आईच्या. माझं मलाच कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे आठव्या दिवशी, सकाळी कार्ड आलं. ते माझ्याकडे नाही, तात्यांच्या मोबाईलवर आलं, कारण मी दरवर्षी त्यांचाच नंबर देते. दोघांचं मिळून एकच कार्ड. कॉम्प्युटरने दोन्ही फोटो शेजारी शेजारी चिकटवून झेंडूच्या माळा पुन्हा जुळवल्या होत्या. आणि दोन पालक म्हटल्यावर ते नवरा-बायकोच असणार, अशा समजुतीने आईच्या नावापुढे परस्पर ‘वाइफ’ असं टाकलं होतं.

तात्यांना इंग्रजी वाचता येत नाही आणि चष्मा त्यांना नेमका फोन बघताना सापडत नाही. त्यांनी फेटा तेवढा पाहिला, खूश झाले आणि कार्ड भावकीच्या ग्रुपवर टाकलं. भावकी म्हणजे एकशे दहा माणसं. खाली लिहिलं, ‘सूनबाईनं करून दिलं. आशीर्वाद असावा.’

पहिलं उत्तर त्यांच्या चुलतभावाचं आलं : ‘अभिनंदन. आमाला बोलावलं न्हाई.’

त्यानंतर तीन पुष्पगुच्छ आले. मग आयटीतल्या पुतण्याने विचारलं, ‘काका, काकू बदलल्या का?’

हे सगळं होत असताना मी लाईनवर होते. आत फोन न्यायला बंदी असते, फोन लॉकरमध्ये. जेवणाच्या सुट्टीत लॉकर उघडला तर एकतीस मिस्ड कॉल. मला वाटलं कुणीतरी गेलं! नवऱ्याला फोन लावला.

“अहो, काय झालं?”

“काय झालं? माझ्या बापाची बायको कोण, एवढंच सांग.”

“म्हणजे?”

“आई देवघरात जाऊन बसलीय आणि बाहेर यायला तयार नाही. तात्या तिला दाराबाहेरून शपथा घालतायत.”

कार्ड उघडून पाहिलं आणि मी तिथल्या स्टुलावर बसले. आमच्याकडे व्याही आणि विहीण एकमेकांशी सरळ नजरेने बोलत नाहीत. आई आमच्या घरी आली की तात्या मागच्या दाराने गोठ्याकडे निघून जातात, आणि मी त्यांना झेंडूच्या माळांखाली उभं केलं होतं. तेवढ्यात आमच्या एचआरमधली श्वेता शोधत आली.

“मॅडम, तुमचा फॉर्म परत आलाय. जोडी फोडता येत नाही. एक तर आईबाबा, नाहीतर सासू-सासरे. आज सहाच्या आत दुरुस्त करा, नाहीतर दोघांचीही नावं उडतील.”

“एक इकडचा, एक तिकडचा नाही चालत?”

“नाही चालत मॅडम. असं कुणी करतही नाही.”

म्हणजे तात्यांना ठेवलं तर आईची वर्षभर खाट, आणि आईला घेतलं तर सासर गेलं. मी अर्धी सुट्टी टाकली, श्वेताकडून फॉर्म घरून कसा उघडायचा ते कागदावर लिहून घेतलं आणि चऱ्होलीला निघाले.

घरी पोचले तेव्हा आत्या देवघरातून बाहेर आल्या होत्या, पण तात्यांकडे पाठ फिरवून उभ्या होत्या. तात्या खुर्चीत मान खाली घालून बसले होते. ग्रुपवर आता पंगतीचा विषय चालू होता.

“आत्या, चूक माझी आहे,” मी म्हटलं.

“तुजी कशाला? तुज्या सासऱ्याची. चाळीस वर्सं झाली, आमचा एक फोटो न्हाई टाकला ग्रुपावर. आन् ह्यो बरा टाकला!”

“अगं, मला काय ठावं त्यात कोण हाय?” तात्या पुटपुटले. “मी माजा फेटा बघितला.”

एवढ्यात बाहेर रिक्षा थांबली आणि त्यातून माझी आई उतरली. मला धक्का बसला. ग्रुपमधल्या कुणीतरी तिलाही ते कार्ड पाठवलं होतं. लाजेने ती चार महिन्यांत पहिल्यांदा दोन मजले उतरून, बाबांना घेऊन माफी मागायला आली होती. आमच्या ओट्याला तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर तिने दोन्ही हातांनी कठडा धरला, एक पाय वर घेतला, दुसरा ओढून घेतला आणि श्वास घेत थांबली. तीन पायऱ्यांना तिला इतका वेळ लागला की तात्या मागच्या दाराने जायचं विसरले.

आत्या हे सगळं दारात उभ्या राहून बघत होत्या. आईने हात जोडायला कठडा सोडला, तशी ती एका बाजूला कलली. आत्यांनी तिला सिलिंडर उचलावा तशी धरली आणि आणून कॉटवर बसवली.

“विहीणबाई, पाय एवढं गेलं आन् आमाला कुणी सांगितलं न्हाई व्हय?”

“मुलीच्या सासरी काय सांगायचं,” आई म्हणाली.

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. तसं त्यांनी माझ्याकडे पूर्वी कधीच पाहिलं नव्हतं, आणि मला एकदम रडू फुटलं. चूक कार्डावर झाली होती खरी, पण इतकी वर्षं आईचं नाव न घालण्याची चूकही माझीच होती, हे मला तेव्हा कळलं. हुंदके देतच मी जोडीचा नियम आणि सहाची मुदत सांगून टाकली.

“रडू नगं. काढ यांचं नाव,” आत्या म्हणाल्या. “घाल तुज्या आईबापाची जोडी.”

“आन् माजी शुगर?” तात्यांनी घाबरून विचारलं.

“तुमची शुगर माज्याकडं लागली. उद्यापासून चहात साखर न्हाई, आन् पेढ्याचा डबा मी कुठं ठेवलाय ते शोधू नगा.”

तेव्हा सहाला वीस मिनिटं कमी होती. मी लॅपटॉप उघडला. आजूबाजूला अख्खं घर, वर शेजारच्या चुलतसासूबाई. तात्यांच्या नावापुढचं ‘काढा’चं बटण दाबलं. चक्र फिरत राहिलं. काही झालंच नाही असं वाटून मी पुन्हा दाबलं. मग आईच्या जोडीला बाबांचं नाव घातलं, आणि सहाला चार मिनिटं असताना फॉर्म गेला. आत्यांनी सगळ्यांना चहा केला. तात्यांचा बिनसाखरेचा, मुदतीआधीच.

सकाळी घरातल्या सगळ्यांचं मिळून नवीन कार्ड आलं. या वेळी ते नवऱ्याने वाचलं, मोठ्याने, चष्मा लावून. आई, बाबा, मी, दोन मुलं. तो थांबला. पुन्हा वाचलं.

“मी कुठंय?”

पहिल्या दाबण्यात तात्यांची ओळ गेली होती आणि खालची ओळ, म्हणजे नवऱ्याची, वर सरकली होती. दुसऱ्या दाबण्यात ती गेली. श्वेताला फोन केला तर ती म्हणाली, खिडकी बंद. नवरा आत्यांकडे बघत म्हणाला, “आई, आता मी काय करायचं?”

“तू वरसभर धडपडू नगंस,” आत्या म्हणाल्या.

आईच्या दोन्ही वाट्या बदलल्या. आता ती खाली येऊन भाजीवाल्याशी समोरासमोर भांडते. तात्यांची शुगर तीस वर्षांत नव्हती तेवढी खाली आली. नवरा दूध आणायला जातानाही हेल्मेट घालतो आणि जिना कठडा धरून उतरतो. माझ्या एका चुकीने घरातल्या सगळ्यांची तब्येत सुधारली. बीपी फक्त माझं वाढलं, आणि त्याच्या रोजच्या गोळ्या पॉलिसीत बसत नाहीत.